झालं म्हणेपर्यंत

आमच्या घरातल्या एकाही जुन्या फोटोत मला चेहरा नाही. फोटोंचा तोटा होता असे नव्हे. वडील फोटोग्राफर होते आणि सणावाराला, पाहुणे आले की, नवी लेन्स आली की, घरातल्या माणसांना काचेच्या छपराखाली उभे केले जाई. त्या फोटोंत आईच्या पदराचे काठ मोजता येतात, तिच्या मागे रंगवलेल्या पडद्यावरच्या तळ्यातले हंस मोजता येतात. माझा फ्रॉक स्पष्ट आहे, पायांतले बूट स्पष्ट आहेत, आणि मानेच्या वर वाफ आहे. जणू कुणी चहाची किटली त्या फ्रॉकमध्ये उभी केली आहे. पुढे पदार्थविज्ञान शिकू लागल्यावर मी त्या वाफेकडे जरा आदराने पाहू लागले. तो डाग म्हणजे फोटो बिघडल्याची खूण नव्हती, ती एका मुलीने एका सेकंदात मान किती फिरवली याची अगदी प्रामाणिक नोंद होती. घरात मात्र त्याला एकच शब्द होता. आई म्हणे, "चुळबुळी हाये पोट्टी. पोटात होती तवाही असीच होती."

स्टुडिओ अमरावतीच्या जुन्या परकोटाच्या आत, जवाहर गेटापासून हाकेच्या अंतरावर, अगदी रस्त्याला लागून होता. पुढे स्टुडिओ, मागे घर, आणि दोन्हींच्या मध्ये डार्करूम. डार्करूमची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच असल्यामुळे आईच्या अंबाडीच्या भाजीला फोटो धुण्याच्या हायपोचा वास येतो की हायपोला अंबाडीचा, यावर घरात एकमत कधीच झाले नाही. बाबांच्या तरुणपणी विजेचे दिवे नव्हते. उत्तरेकडे उतरते काचेचे छप्पर, त्यावर सरकते पांढरे पडदे, आणि त्या उजेडात मोठा तिवईवरचा क्यामेरा. लेन्सचे टोपण हाताने काढायचे, मनातल्या मनात आकडे म्हणायचे, टोपण परत लावायचे. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक हलले की माझ्यासारखी वाफ. म्हणून टोपण काढण्याआधी बाबा एका विशिष्ट, देवळातल्यासारख्या आवाजात म्हणत, "डोये उघडे. श्वास धरा. हालू नोका." टोपण लावले की तोच आवाज एकदम घरगुती होई, "झालं!" पुढे शटरचा क्यामेरा आला, झगमगीत दिवे आले, सेकंदाच्या पंचविसाव्या भागात काम होऊ लागले, पण बाबांनी ते मंत्र सोडले नाहीत. मी एकदा त्यांना म्हटले, "बाबा, आता एवढ्याशा वेळेत कोणी हललं तरी काही बिघडत नाई. श्वास कायले धरायला लावता?" ते फोटोची काचेची प्लेट पुसत होते. म्हणाले, "श्वास धरला का मानूस आपलं तोंड सांभायते. ते सांभायलेलं तोंडच त्याले घरी न्याचं असते." आमच्या भागातल्या दोन पिढ्या अशा श्वास धरायला शिकल्या होत्या. मोर्शीकडून संत्र्यांच्या गाड्यांबरोबर आलेले लोक, वलगावची वऱ्हाडे, नव्याने बुद्धविहारात जाऊ लागलेली आणि पांढऱ्या कपड्यांत सबंध कुटुंबाचा एक फोटो हवा असलेली माणसे, परीक्षेच्या अर्जासाठी फोटो हवा असलेली पोरे, सगळ्यांना क्यामेरा म्हणजे काय हे बाबांनी शिकवले होते. क्यामेरा म्हणजे थांबणे.

मला थांबणे जमत नव्हते. कॉलेजात बी.एस्सी.ला आम्ही मोजक्या मुली होतो. प्रयोगशाळेत लोलक मोजताना मी लोलकाबरोबर डुलते असे प्राध्यापक म्हणत. घरी भाकर थापतानाही माझे एक पाऊल दाराकडे असे. कपाशीच्या दिवसांत पहाटेपासून जिनिंग फॅक्टरीकडे कापूस नेणाऱ्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग आमच्या दारावरून जाई. घुंगरांचा आवाज, बैलांच्या नाकांतून निघणारी वाफ, वाऱ्यावर उडून आईच्या तुळशीत अडकणारा कापूस. मी ओट्यावर बसून ते पाहत राही. मला वाटे, हे सगळे बाबांच्या फोटोत का येत नाही? बंडी येते, बैल येतो, गाडीवानही येतो, पण जाणे येत नाही. तेवढ्यात आई आतून ओरडे, "अवं इमल, भाकर करपली ना वं!" माझे नाव विमल, पण परकोटाच्या आत ते कुणालाच तसे उच्चारता येत नव्हते. आईची खरी काळजी वेगळी होती. स्थळांना पाठवायला माझा धड फोटो निघत नव्हता. बाबांनी तीन-चारदा प्रयत्न केला. विजेचे दिवे असूनही ऐन वेळी माझी पापणी मिटे किंवा ओठ वाकडा होई. आई तो फोटो हातात धरून म्हणे, "फोटोवाल्याची पोरगी, अन् स्थयाले काय धुक्याचा फोटो पाठवू?"

हलत्या चित्रांचे वेड मला अकोल्याला लागले. गजूमामा तिथे एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. सुट्टीत बडनेऱ्याहून गाडी पकडून आम्ही अकोल्याला जात असू. मामी ताजनापेठेतल्या दोन खोल्यांत कढीगोळे करून वाट पाहत असे आणि मी टॉकीजच्या वरच्या कोंदट खोलीत मामाजवळ उभी असे. खाली लोक पडदा पाहत. मी यंत्र पाहत असे. तुटलेल्या फिल्मचे तुकडे मामा मला देई. उजेडासमोर धरले की एकाखाली एक चौकटी दिसत, प्रत्येक चौकट म्हणजे बाबांच्या फोटोसारखा एक थांबलेला फोटो. पण शेजारच्या दोन चौकटी कधीच सारख्या नसत. हात केसभर वर गेलेला, पापणी किंचित उतरलेली. मला चौकटीत रस नव्हता, दोन चौकटींतल्या फरकात होता. आज हे वाक्य मला सहज लिहिता येते. तेव्हा मी फक्त तो तुकडा पुढेमागे सरकवत बसे आणि घरी मामी जेवायला वाट पाहून दमून जाई.

त्याच मामाकडे एक छोटा क्यामेरा आला. जिनिंग फॅक्टरीचा जुना साहेब विलायतेला परत जाताना घरातले सामान वाटून-विकून गेला होता. त्यातला तो क्यामेरा आणि सोबतचे प्रोजेक्टर कुणाच्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षे पडून शेवटी मामाच्या हाती लागले. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, बाजूला किल्ली. घड्याळासारखी किल्ली भरायची, बोटाने कळ दाबून धरायची, की खर्रर्र आवाज करत फिल्म धावे. किल्ली संपली की आवाज मरे. मामाने मुंबईहून खटपट करून दोन रिळे मिळवली. "दोनच हायेत," तो म्हणाला. "तिसरं कवा भेटन मले मालूम नाई. पायून वापरजो."

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्याला चलच्चित्रणाचे शिक्षण मिळू लागले आहे, विज्ञान शिकलेल्यांना तिथे घेतात, एवढे मला कळले होते आणि तेवढे मला पुरले होते. एका दुपारी जेवताना मी ते बाबांना सांगितले. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.

"माह्या फोटोत काय कमी हाये?"

"फोटोत मानूस थांबते, बाबा. रस्ता थांबत नाई."

"थांबते म्हणून तं पायता येते. पयत्या मानसात काय पायशीन?"

"पयनं पायीन."

आई सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, वाढायला वाकली होती. ती म्हणाली, "पाय, आता दोघंही थांबा. वडी थंडी होऊन राह्यली." बाबांनी वडी खाल्ली, पाणी प्यायले, आणि स्टुडिओत गिऱ्हाइकाशी बोलावे तशा नेमक्या शब्दांत अट घातली. "मले एक गोठ दाखव. माह्या फोटोत जे येऊच शकत नाई, असं एक काईतरी तुह्या त्या खेयन्यात दाखव. दाखवलं तं पुण्याले जाय, मी आडवा येनार नाई. नाई दाखवलं तं डार्करूम हाये, ते तुहीच हाये." उठता उठता त्यांनी आणखी एक कलम जोडले. "अन् लपून घेशीन नोको. न सांगता कोनाचं तोंड घेनं म्हंजे चोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्यामेरा घेऊन रस्त्यावर उतरले. मला वाटले होते, पाच मिनिटांत बाबांना हरवीन. आमच्या दारासमोर मोर्शीची अंजनाबाई संत्र्यांच्या टोपल्या मांडून बसे आणि तिच्या पलीकडे रहीमचाचांचे सायकलचे दुकान होते. अंजनाबाई हात हलवल्याशिवाय एक शब्द बोलू शकत नसे. संत्रे हवेत फेकून, झेलून, सोलून, गिऱ्हाइकाच्या तोंडाशी नेऊन ती विकत असे. चाचा चाकाचे आरे ताणताना गाणे म्हणत आणि चाकाबरोबर मानही फिरवत. याहून अधिक गतिमान माणसे मला जिल्ह्यात सापडली नसती. मी किल्ली भरली, क्यामेरा डोळ्याला लावला.

अंजनाबाईने हातातले संत्रे छातीशी धरले, पदर डोक्यावर ओढला, डोळे मोठे केले आणि श्वास धरला. रहीमचाचा चाक सोडून उभे राहिले. एक हात सायकलच्या सीटवर, अगदी आमच्या स्टुडिओतल्या लाकडी खांबावर ठेवतात तसा. मागून येणारा टांगेवाला लगाम खेचून ताठ बसला. दोन शाळकरी मुली एकमेकींचा हात धरून भिंतीला चिकटल्या.

"अवं, थांबू नोका! हला! आपलं काम करा!" मी ओरडले.

अंजनाबाई ओठ न हलवता, मुठीतून बोलावे तशी बोलली, "तुहा बाप म्हनते हालू नोका, तू म्हनते हाला. कोनाचं आयकाव वं माय?"

"बेटी, जल्दी कर," चाचा तसेच ताठ उभे राहून म्हणाले. "दम कोंडून राह्यला माहा."

मी जागा बदलल्या. इतवाऱ्याच्या बाजारात गेले, दह्यातल्या गिला वड्याच्या गाडीपाशी गेले, गेटाखाली उभी राहिले. एकीकडून दुसरीकडे क्यामेरा फिरवत, धावत, वर छपरांकडे नेत, खाली चाकांकडे आणत मी सबंध रीळ वापरले. त्या क्यामेऱ्याची खिडकी संत्र्याच्या बीएवढी. माझा हातच इतका फिरत होता की खिडकीतून पाहताना सगळे धावते आहे, अशी माझी खात्री झाली. मी समाधानाने परतले, दारात अंजनाबाई आणि चाचांवर शेवटचा फिरवून क्यामेरा खाली घेता घेता घरच्या सवयीने "झालं!" म्हणाले, आणि जेवायला गेले.

रीळ मुंबईला धुवायला गेले आणि परत येईपर्यंतचे दिवस मी घरात कुणाला सुखाने बसू दिले नाही. पोस्टमन दिसला की मी ओट्यावर. आईने दह्याचे विरजण माझ्या हाती देणे बंद केले, कारण मी ते भांडे घेऊन फिरत असे. शेवटी पार्सल आले, अकोल्याहून प्रोजेक्टर घेऊन गजूमामा आला, आणि एका रविवारी दुपारी आम्ही स्टुडिओच्या काचांवर काळी कापडे टाकली. तळ्याचा पडदा उलटा टांगला. त्याची पाठ पांढरी होती. आई, बाबा, मामा, आणि आपला फोटो पाहायला हक्काने आलेले अंजनाबाई आणि रहीमचाचा, अशी प्रेक्षकमंडळी. बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते.

दिवा लागला. पांढऱ्या कापडावर आमचा रस्ता उमटला, आणि त्या रस्त्यावर एकही माणूस हलत नव्हता. अंजनाबाई संत्रे धरून उभी. चाचा सीट धरून उभे. इतवाऱ्यातला प्रत्येक माणूस छाती काढून, डोळे ताणून उभा. गिला वडेवाला दह्याचा डाव हवेत धरून उभा, दह्याची धार तेवढी खाली पडत होती. एक शेळी मात्र निवांत फिरत होती, कारण तिचा फोटो बाबांनी कधी काढला नव्हता. आणि या थांबलेल्या माणसांच्या मागे भिंती, दुकाने, गेट, आभाळ, सगळे वेड्यासारखे डावीउजवीकडे धावत होते.

मामा हसू लागला. "इमल, गल्ली उभी हाये, अन् तूच पयून राह्यली!"

"मले तं चक्कर येऊन राह्यली बाप्पा," आईने डोळे मिटले.

पण अंजनाबाई खूष होती. "चांगला आला फोटो. पाय, पदर कसा नीट हाये."

मी प्रोजेक्टरशेजारी उभी होते आणि माझे कान तापले होते. सापेक्ष गतीचा धडा मी पहिल्या वर्षी शिकले होते, त्यात मला चांगले गुण होते. पाहणारा हलत असला तर हलते कोण आणि स्थिर कोण हे सांगता येत नाही, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिले होते. आणि भर रस्त्यात नेमकी तीच चूक केली होती.  बाबांनी हसू दाबले, आणि त्यांच्या त्या दाबण्याचाच मला अधिक राग आला. डार्करूमचे दार माझ्या उजव्या हाताला, अगदी दोन पावलांवर होते.

तेवढ्यात रिळाचे शेवटचे टोक आले. चित्र तिरपे झाले, अर्ध्या चौकटीत आमचा ओटा, अर्ध्यात अंजनाबाई. माझा "झालं" तिथे पडला असणार. आवाज नव्हता, पण मला तो दिसला. अंजनाबाईची छाती एकदम खाली बसली. तिने पदर सोडला, नाक खाजवले, चाचांकडे पाहून काहीतरी बोलली आणि तोंड उघडून, एक पडलेला दात दाखवत, हसली. मागे चाचांनी खांदे सोडले आणि चाकाला एक टिचकी मारली. चाक फिरू लागले. मग पांढरा उजेड.

"फुकट गेलं ते शेवटी," मामा म्हणाला. "बटनावर बोट राह्यलं तुहं."

"मामा, तेवढंच परत लाव."

त्याने लावले. मी पुन्हा लावायला सांगितले. अंजनाबाई म्हणाली, "हे कायले पायता? याच्यात तं मी नाक खाजवून राह्यली."  माझ्या डोक्यात एक साधे समीकरण जुळत होते. क्यामेरा दिसला की ही माणसे थांबणार. ते मला बदलता येणार नव्हते, आणि लपून घ्यायचे नाही हे बाबांचे कलम मलाही पटले होते. पण थांबलेला माणूस कायम थांबत नाही. त्याला सोडवणारा एक शब्द आमच्या गल्लीत होता, आणि तो शब्द आमच्याच घरचा होता. मला 'हला' म्हणायची गरज नव्हती. मला 'झालं' म्हणणारे कुणीतरी हवे होते, आणि त्यानंतर, त्याच्या आधी नव्हे, माझी कळ दाबायची होती.

बाबांना हे समजावणे सोपे गेले नाही. "बिनागिऱ्हाइकाची प्लेट कायले जायू?" हा पहिला आक्षेप. "झालं म्हटल्यावर घेनं म्हंजे फसवनंच झालं," हा दुसरा आणि खरा. मी म्हटले, "मग सांगा त्यांना. तुम्हीच सांगा."  पाचव्या दिवशी सकाळी पाहते तो तिवईवरचा मोठा क्यामेरा रस्त्यात, भर उन्हात, आणि बाबा दारोदार जाऊन सांगताहेत, "मी फोटो काढीन. मी झालं म्हटल्यावर पोरीचा क्यामेरा चालन. ज्याले नाई पायजे त्यानं घरात जा." घरात कुणी गेले नाही. उलट वरच्या मजल्यांवरच्या बायका खाली आल्या. अंजनाबाईने नवे लुगडे नेसले होते आणि नाक अजिबात खाजवणार नाही असे तिने मला बजावले.

मी बाबांच्या मागे, थोडी डावीकडे, रहीमचाचांच्या एका खोक्यावर उभी राहिले. मागच्या वेळचा धडा घेऊन मी कोपर पोटाशी आवळले, पाठ खांबाला टेकवली. बाबा काळ्या कापडात शिरले, बाहेर आले, टोपणावर हात ठेवला. "डोये उघडे. श्वास धरा. हालू नोका." सगळी गल्ली थिजली. बंडीच्या बैलाच्या घुंगरांचा तेवढा आवाज. आणि माझ्या लक्षात आले की मीही श्वास धरला आहे. जन्मात पहिल्यांदा मी हलत नव्हते.

"झालं!"

मी कळ दाबली. त्या सगळ्यांना ठाऊक होते की माझा क्यामेरा चालू आहे. डोक्याला ठाऊक होते, अंगाला नव्हते. अंग त्या शब्दाचे ऐकत होते. सबंध गल्लीने एकदम श्वास सोडला, जशी भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढले की वाफ बाहेर पडावी. खांदे उतरले, पदर घसरले, तान्ह्या पोराने गळा काढला, त्याच्या आईने एका हाताने त्याला थापटत दुसऱ्या हाताने शेजारणीला टपली मारली. चाचा गाऊ लागले असावेत, कारण मान फिरू लागली. अंजनाबाईने नाक खाजवले. मग बंडी हलली आणि तिच्यामागे सगळा रस्ता पाण्यासारखा वाहू लागला. मी क्यामेरा तसूभरही फिरवला नाही.

किल्ली संपण्याच्या थोडी आधी बाबा चौकटीत आले. प्लेट काढून, कापड खांद्यावर टाकून ते वळले आणि त्यांना दिसले की माझा क्यामेरा त्यांच्यावर आहे. फोटोग्राफरचा फोटो कोण काढणार. आमच्या घरात त्यांचा एकही नव्हता. त्यांनी घाम पुसला, सदऱ्याची वरची गुंडी लावली, एक हात तिवईवर ठेवला, डोळे मोठे केले आणि श्वास धरला. खर्रर्र आवाज मेला. किल्ली संपली होती. मी क्यामेरा डोळ्याला तसाच लावून उभी राहिले आणि ते तसेच थांबून राहिले, त्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसे वाहत होती.

"अवं झालं का?" ते ओठ न हलवता म्हणाले.

"झालं, बाबा."

ते दुसरे रीळ आजही माझ्याजवळ आहे. हल्ली माझी भाची फोनवर सहज वाटेल तेवढा रस्ता टिपते, कुणी तिच्याकडे पाहतही नाही, आणि कुणी श्वासही धरत नाही. मी तिला ते रीळ दाखवले तेव्हा तिने विचारले, "हे सगळे इतके सुटल्यासारखे का दिसतात?" प्रश्न बरोबर होता. आज रस्त्यावर कुणी सुटत नाही, कारण कुणी थांबतच नाही.

ते रीळ मुंबईहून धुऊन परत आले तेव्हा पुन्हा रविवार दुपार, पुन्हा काळी कापडे, पुन्हा उलटा पडदा. गल्लीने श्वास सोडला तसे बाबा खुर्चीत पुढे वाकले.  मामाने न सांगता तो भाग पुन्हा लावला. तेव्हा ते हळू म्हणाले, "हे मले कदी दिसलंच नाई. झालं म्हटलं का मी प्लेटकडे वाकतो. वर पायतो तवर मानूस उठून गेला असते." मग पडद्यावर ते स्वतः आले, गुंडी लावली, हात ठेवला, श्वास धरला, आणि चित्र संपून पांढरा उजेड राहिला. रिळाचे टोक प्रोजेक्टरवर फटफट वाजत होते. आईने त्यांच्याकडे पाहिले आणि मला म्हणाली, "अवं, म्हन ना वं झालं. तुहे बाबा अजून श्वास धरून बसले हायेत."

"झालं," मी म्हटले.

बाबांनी श्वास सोडला. "झालं तं झालं," ते म्हणाले. "पुण्याची गाडी बडनेऱ्याहूनच भेटते. कपडे जास्त घेजो, तिकडे थंडी लय असते म्हनतात." एवढे बोलून ते काळी कापडे काढायला उठले.

निघण्याच्या दिवशी टांगा दारात उभा होता. अंजनाबाईने टोपलीभर संत्री टांग्यात ठेवली होती, आई डब्यात सांबारवड्या दाबून भरत होती, गजूमामा घड्याळ पाहत येरझाऱ्या घालत होता. बाबांनी मला हाक मारून काचेच्या छपराखाली उभे केले. दिवे लावले नाहीत, शटरचा क्यामेराही घेतला नाही. जुना मोठा क्यामेरा, जुने टोपण. मागे तळे, हंस. "डोये उघडे," ते म्हणाले. "श्वास धर. हालू नोको." त्यांनी टोपण काढले.

मी हलले नाही. बाहेर घोडा टाप आपटत होता, मामा "गाडी चुकन!" म्हणून ओरडला, काचेवरून एक कबुतर चालत गेले, मी हलले नाही. बाबा टोपण हातात घेऊन माझ्याकडे पाहत होते. ओठ हलत नव्हते, म्हणजे ते आकडे म्हणत नव्हते. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. प्लेट उजेडाने जळून काळी व्हायला पाहिजे होती. तशी ती झाली नाही. पुढे पोस्टाने आलेला तो फोटो माझ्यासमोर आहे आणि त्यात माझा चेहरा आहे, डोळे, ओठ, कपाळावर आलेली एक बट, सगळे स्वच्छ. त्यांनी टोपण वेळेवर लावले होते. ते मला दिसले नाही एवढेच. 'झालं' मात्र ते म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली, छाती दुखेपर्यंत पाहिली. मग मीच श्वास सोडला, संत्र्यांची टोपली बाजूला सरकवली आणि टांग्यात चढले.